गाठींचे खिसे

दुकानवालीने बोलायच्या आधी चहा मागवला, तेव्हाच सूनबाईने ओळखलं, काहीतरी बिनसलंय. ही बाई कारण असल्याशिवाय कुणाला पाणीसुद्धा विचारत नसे.

"राग मानू नकोस हं," दुकानवाली म्हणाली, "पण तीन वर्षं झाली, तीच पिशवी. लोक येतात, हातात घेतात, म्हणतात ही आहे आमच्याकडे, आणि ठेवून देतात. पुढच्या शनिवारपर्यंत काहीतरी नवीन आण. नाहीतर तुझी फळी मी मेणबत्तीवालीला देते. ती कधीची मागे लागलीये माझ्या."

दुकान हाताने केलेल्या वस्तूंचं होतं, आणि फळी म्हणजे दारातून शिरल्याबरोबर डाव्या हाताला लागते ती. तीन वर्षं तिथे सूनबाईच्या कापडी पिशव्या मांडलेल्या असत. तशी ती सून एकट्या मास्तरांचीच. पण मास्तरांनी खिडकीशी बसून दिवसातून वीस वेळा "सूनबाई!" अशी हाक मारायची आणि ती साऱ्या गल्लीने ऐकायची, असं इतकी वर्षं चाललं होतं की भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला सूनबाईच म्हणू लागले. मास्तर हे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कोट आणि शर्ट शिवले, आणि एकही कॉलर कधी वाकडी गेली नाही, हे ते स्वतःच सांगत.

सासूबाई गेल्या तेव्हा मास्तरांनी मशीनवर चादर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जेवण अर्ध्यावर, बोलणं त्याहून कमी. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोन महिने घरी. तेव्हा सूनबाई एक दिवस कापड घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी, मला सरळ शिवण जमत नाही हो." ही साफ थाप होती. तिची शिवण दोरी धरल्यासारखी सरळ यायची. पण मास्तर उठले, चादर काढली, आणि "आण इकडे, नासाडी करशील" म्हणत मशीनवर बसले. ती कापायची, ते शिवायचे. तेव्हापासून ते पुरतं जेवत होते आणि भाजीत मीठ कमी म्हणून भांडतही होते. म्हणून फळी जाणं म्हणजे नुसती फळी जाणं नव्हतं. फळी गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद पडलं की मास्तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

घरी येऊन तिने हे मास्तरांना सांगितलं, पण अर्धंच. नवीन काहीतरी करायचंय एवढंच.

"मग कर की," मास्तर म्हणाले. "त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं, हे पुढच्या चार दिवसांत सूनबाईला चांगलं कळलं. तिने फोनवर इतके फोटो पाहिले की मान धरली. लोकरीची फुलं झाली, ती गळून पडली. उशीच्या आकाराचं कापडी घुबड झालं, ते घुबड कमी आणि तापलेला हेडमास्तर जास्त दिसत होतं. शेजारच्या मुलीने ते पाहिलं आणि रडायलाच लागली. दुसऱ्यांच्या दुकानांच्या काचेला नाक लावून झालं. जे आवडायचं ते कुणीतरी आधीच केलेलं असायचं, आणि जे कुणी केलेलं नसायचं ते न करण्याइतकी अक्कल लोकांना होती.

पाचव्या दिवशी तिने हाय खाल्ली आणि सोपा मार्ग धरला. पिशवी तीच, कापड नवं. बाजारात एक छापील कापड मिळालं, पांढुरक्या रंगावर हिरवी मोठी पानं, हाताला लोण्यासारखं मऊ. तिने बारा पिशव्या कापल्या, तुकडे मास्तरांच्या टेबलावर ठेवले आणि चेन आणायला बाहेर गेली. ती परतली तोवर दुपार कलली होती आणि बाराच्या बारा पिशव्या शिवून, घड्या घालून, एकावर एक रचलेल्या होत्या.

शिवण नेहमीसारखी सुरेख होती. पण पानं कुठेच नव्हती. तिने वरची पिशवी उलगडली, दुसरी उलगडली, तिसरी. सगळी पानं आत गेली होती आणि बाहेर नुसती कोरी, फिकट पाठ. बाराही पिशव्या उलट्या बाजूने शिवलेल्या. नवशिका शिकाऊ अशी एक शिवतो आणि कानफटात खातो. चाळीस वर्षांच्या मास्तरांनी बारा!

ती काही बोलणार एवढ्यात मास्तरांनी एका पिशवीवरून मायेने हात फिरवला. "काय पानं आलीत बघ," ते म्हणाले. "कशी उठून दिसतायत!"

ते जिथे हात फिरवत होते तिथे एकही पान नव्हतं.

"हो मामंजी," ती म्हणाली. "फारच उठून दिसतायत."

आत जाऊन तिने नळ सोडला आणि भांडी घासायचं सोंग करत रडून घेतलं. मग एकेक गोष्ट जुळत गेली. मास्तर दोन वर्षं गल्लीत उतरले नव्हते, म्हणायचे, गुडघे. पेपर बंद केला. म्हणायचे, त्यात असतं काय. सुईत दोरा ओवायला तिला हाक मारायचे, पण ते तर या वयात सगळेच करतात. आजवरचं जाडं कापड एका बाजूने खरखरीत असायचं, ते बोटांना कळायचं. हे नवं दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत, म्हणून फसले. आणि ती त्याच घरात राहून, रोज त्यांच्या ताटात वाढून, काही ओळखू शकली नव्हती, याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती गुपचूप पाहत बसली. हे गृहस्थ करतात तरी कसं? मास्तरांच्या अंगात कामाचा तो जुना एप्रन होता, खिसेच खिसे असलेला. हात खाली जायचा आणि नेमका खडू घेऊन वर यायचा. पुन्हा जायचा, टेप. पुन्हा, छोटी कात्री. एकदाही चुकला नाही, एकदाही चाचपडला नाही. मास्तर आंघोळीला गेले तेव्हा तिने खुंटीवरचा एप्रन काढला. प्रत्येक खिशाच्या काठावर दोऱ्याच्या गाठी होत्या, एप्रनच्याच रंगाच्या, पाहून कुणाला कळणार नाहीत अशा. खडूला एक गाठ. टेपला दोन. कात्रीच्या खिशाला गाठ नव्हती, नागमोडी टाका होता. तिने डोळे मिटले आणि हात घातला. मागितलं ते मिळत गेलं.

मग तिला स्वतःची पर्स आठवली. दारात उभं राहून, हातात भाजी घेऊन, किल्लीसाठी अख्खी पर्स ढवळणारी ती काय जगात एकटी होती? अशा गाठींच्या खिशांची पिशवी कुठल्याच फोटोत नव्हती. तिने पुन्हा एकेक खिसा मोजायला घेतला.

"कोण आहे? एप्रन कुठाय माझा?" मास्तर दारात उभे होते, डोक्यावर टॉवेल.

तिला खोटं बोलता आलं असतं, पण आता तिचा धीर संपला होता. "मामंजी, माझ्याकडे आहे. आणि काल पानं आत गेलीत. बाहेर काही नाही."

मास्तरांनी डोक्यावरचा टॉवेल काढला. "किती पिशव्यांची?"

"सगळ्या."

"बाराच्या बारा?" ते खुर्चीवर बसले. "मग काल उठून दिसतायत का म्हणालीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

तिने सगळं सांगितलं. फळीचं, शनिवारचं, मेणबत्तीवालीचं. आणि मग खिशांचं. गाठींच्या खिशांची पिशवी करू, कुठला खिसा कशाचा ते बोटांना कळेल, कुणालाही उपयोग होईल. बोलता बोलता ती उत्साहात आली, आणि मास्तरांचा चेहरा तिने पाहिलाच नाही.

"म्हणजे फळी राखायला माझे डोळे विकायचे?" मास्तर म्हणाले. "सगळ्या गल्लीला कळू दे, मास्तर आंधळा झाला. चाळीस वर्षं लोक लांबून माझ्याकडे कपडे टाकत. आता बिचारा म्हणतील. माझ्याबद्दल कुणी च्यक च्यक केलेलं मला चालायचं नाही!"

"नको तर नको, मामंजी," सूनबाई म्हणाली. "राहिलं."

आणि तिने खरंच ते मनातून काढून टाकलं. फळी गेली तर गेली, त्यांच्या मानापुढे फळी मोठी नव्हती. ती कपडे वाळत घालायला गेली. परत आली तर मास्तर खिडकीशी बसून उलट्या पिशव्या उसवत होते. बोटांनी टाका शोधायचे, पात्याने उचलायचे, सर्रकन ओढायचे.

"माझ्या हातचा उलटा माल बाहेर जायचा नाही," ते तिच्याकडे न वळता म्हणाले. "बस इथे. बाजू सांग मला, सुलटी कुठली ती. आणि खिशांचे तुकडे काप. किल्लीला एक गाठ. चष्म्याला दोन. पैशांना नागमोडी. फोनला काही नको, तो मेला वाजतोच."

ती बसली. कात्री पुढे ओढली.

"एक अट आहे," मास्तर म्हणाले. "हे कुठून सुचलं, ते कुणाला सांगायचं नाही. शपथ घे."

तिने शपथ घेतली. दोन दिवस दोघांनी मान वर केली नाही. ती प्रत्येक तुकडा देताना "सुलटी वर" म्हणायची, आणि ते "माहितीये" म्हणायचे, जणू खरंच माहीत होतं.

शनिवारी ती निघाली तेव्हा मास्तर चप्पल शोधत होते. "मीही येतो. माल माझाही आहे." गुडघ्यांचं काय, असं विचारायचा मोह तिने आवरला. हात धरला असता तर त्यांनी झिडकारला असता, म्हणून ती अर्धं पाऊल पुढे राहिली आणि वाटभर मोठमोठ्याने बडबडत गेली. "कुणी ठेवलाय हा दगड मधेच! मेली ही पायरी, केवढी उंच! डावीकडे सायकली कशा लावल्यात बघा!" मास्तर तिच्या आवाजामागे चालत राहिले. लोकांना वाटलं असेल, काय कजाग सून आहे.

दुकानवालीने पिशवी उलटसुलट पाहिली. कापड आवडलं, शिवण आवडली. मग बोट गाठींवर अडकलं. "हे काय, दोरा तोडायचा राहिला का? आणि इतके खिसे? गिऱ्हाईकाला मी काय सांगू, कशासाठी आहेत या गाठी?"

उत्तर सूनबाईच्या जिभेवर होतं, पण शपथही होती. "नुसतंच," ती म्हणाली. "शोभेला."

"शोभेला बऱ्या दिसत नाहीत गं." दुकानवालीने उसासा टाकून पिशवीची घडी घातली आणि परत पुढे केली. "तू मेहनत घेतलीस, मला कळतंय. पण ही पिशवीच झाली ना पुन्हा. मी मेणबत्तीवालीला कळवते."

सूनबाईने पिशवी घेतली. "चला मामंजी," ती म्हणाली.

मास्तर हलले नाहीत.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. दुकानात दोन बायका होत्या, त्याही थांबल्या. "दोन वर्षं झाली. उजेड कळतो, माणूस आहे एवढं कळतं, बाकी नाही. या गाठींवर माझं काम चालतं. बाई, डोळे मिटा आणि एक गाठ असलेल्या खिशात किल्ली टाका. पिशवी हलवा, वाटेल तिथे ठेवा. मग डोळे न उघडता काढून दाखवा."

दुकानवालीने डोळे मिटले. कुणी च्यक च्यक केलं नाही. दुकानवालीने गल्ल्याची किल्ली एका गाठीच्या खिशात टाकली. तिने पिशवी हलवली, कोपऱ्यात ठेवली, पुन्हा उचलली, आणि पहिल्याच झटक्यात किल्ली बाहेर आली.

"अगंबाई!" ती म्हणाली. दुसरी एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "मला द्या ती. आमच्या आईसाठी. ती पण सांगत नाही कुणाला."

दुकानवालीने आतून खुर्ची आणून मास्तरांना दिली आणि फळीवरच्या जुन्या पिशव्या स्वतःच्या हाताने उतरवायला लागली. नव्या किती आणल्यात, आणखी कधी देणार, हे ती मास्तरांनाच विचारत होती, आणि मास्तर ऐटीत उत्तरं देत होते. सूनबाई पाठमोरी उभी राहून पदराने डोळे टिपत होती. त्यांनी आज काय देऊन टाकलं, ते तिथे फक्त तिला माहीत होतं.

बाहेर पडल्यावर ती पुन्हा अर्धं पाऊल पुढे झाली आणि सवयीने सुरू झाली, "मेली ही पायरी..."

"पायरीला शिव्या कशाला देतेस?" मास्तर म्हणाले. "हात दे."