उजवीकडची खडखड

ताईने दाजींच्या गाडीत बसणं सोडलं, तेव्हा दाजी काही बोलले नाहीत. मुलीने सोडलं, तेव्हाही गप्प राहिले. पण जावयाने फोनवर भंगारवाल्याचं नाव काढलं आणि शनिवारी सकाळीच दाजींनी मला, म्हणजे ताईच्या धाकट्या भावाला, बोलावून घेतलं.

“जुने कपडे घालून ये,” ते म्हणाले. मी अंगावर होते त्याच कपड्यांत गेलो.

भानगड खडखडीची होती. रस्त्यात जरासा खड्डा आला, की गाडीच्या पुढच्या भागातून कुणी भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलून दिल्यासारखा आवाज यायचा. गाडी जुनीच होती. काच खाली करायचं हँडल कधीचं निखळलेलं होतं आणि ते ताईच्या पर्समध्ये असायचं. ताई घरी असली की गाडीत वारा नाही. तरी दाजींचा त्या गाडीवर जीव होता. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. गाडी मात्र दर आठवड्याला काहीतरी विचारायची.

जावयाने अट घातली होती : “बाबा, रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला या, याच गाडीने. वाटेत आवाज आला नाही असं आई म्हणाल्या, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. आला म्हणाल्या, तर किल्ली माझ्याकडे.” दाजी तावातावाने हो म्हणून बसले होते.

“उजवीकडचा लोअर आर्म गेलाय,” दाजींनी निदान सांगितलं. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी दांडा. त्याच्या टोकाला रबरी बुश असतात. ते झिजले की लोखंडावर लोखंड आपटतं. “दुकानदाराने दोन्ही बाजूंचे गळ्यात मारले. म्हणे, जोडीनेच मिळतात. डावा मी फडताळात ठेवून दिलाय.”

“आवाज डावीकडून येतो,” पायरीवर बसून शेंगा सोलत ताई म्हणाली.

“अगं, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवला. डाव्या कानाला हेडफोन आणि उजव्या कानाला साहेब. कुठला आवाज कुठून येतो हे मला सांगू नकोस.”

“नाही सांगत. पण डावीकडून येतो.”

दाजींनी जॅक उचलून मान हलवली, पण ती ताईसाठी नव्हती, जॅकसाठी होती.

त्यानंतर जे झालं त्याला दाजी ‘काम’ म्हणतात. गाडी जॅकवर उचलली, खाली टेकूला लोखंडी घोड्या लावल्या, चाक काढलं. मग एक बोल्ट समोर आला. हा बोल्ट कारखान्यात बसवला होता आणि त्यानंतर त्याने जग पाहिलं नव्हतं. दाजींनी त्याला तेल पाजलं, वाट पाहिली, पाना लावला, पान्याला पाइप लावला, पाइपला मला लावलं. बोल्ट हलला नाही. मी मात्र दोनदा कुंपणापर्यंत जाऊन आलो.

“जोर लाव की रे!”

“लावतोय, दाजी. त्यालाही लागतोय, मलाही.”

“अहो, भाऊ मोडाल माझा,” ताई पायरीवरून म्हणाली. “आणि उगीच मोडाल. डावीकडून येतो.”

शेवटी बोल्ट सुटला तो असा अचानक, की दाजी माझ्या अंगावर, मी तेलाच्या डब्यावर आणि डबा ताईच्या शेंगांत. पुढचा अर्धा तास गाडीविषयी काही बोलणं झालं नाही. इतर बऱ्याच विषयांवर झालं, आणि एकटी ताईच बोलली.

जुना दांडा बाहेर काढला. त्याचा बुश चांगला गुटगुटीत दिसत होता.

“हा तर ठणठणीत आहे,” मी म्हणालो.

“आतून गेलाय,” दाजी म्हणाले. डॉक्टर ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात.

नवा दांडा बसला. बोल्ट आवळायला मी पाना उचलला, तर दाजी ओरडले, “अधांतरी नको! चाकावर गाडीचं वजन येऊ दे, मगच शेवटचं आवळायचं. नाहीतर रबर पीळ खाऊन बसतं.” बरोबर होतं ते. दाजींचं सगळं बरोबर असतं. मग चाक लावलं, गाडी खाली घेतली आणि मला पोटावर सरपटत गाडीखाली घातलं.

संध्याकाळी चक्कर मारली. पहिल्याच खड्ड्याला भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली आलं.

घरी येऊन दाजींनी उजवीकडचं चाक पुन्हा काढलं. उरलेल्या उजेडात उजवीकडचा शॉकॲबसॉर्बर बदलला. तोही त्यांनी कधीतरी आणून ठेवला होता. पुन्हा चक्कर. पुन्हा कपाट. आता गाडीची उजवी बाजू इतकी नवी झाली होती, की तेवढीच विकली असती तर बरी किंमत आली असती.

“झालं,” दाजी पायरीवर टेकत म्हणाले. “उद्या किल्ली द्यायची.” त्यांनी ती खिशातून काढून पाहिली आणि परत खिशात ठेवली.

ताई येऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “अहो, जाऊ द्या. मी सांगेन जावयाला आवाज नाही म्हणून.”

दाजी समोरच बघत राहिले. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. गाडीत ती कायम त्यांच्या डावीकडे बसायची. इतकी वर्षं ती त्या बहिऱ्या कानाशी बोलत आली होती आणि ‘ऐकून घेतात बिचारे’ असं सगळ्यांना सांगत होती.

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. खोटं बोलायची तिची तयारी तिथल्या तिथे संपली.

रविवारी सकाळी तिने फर्मान काढलं, “गाडी हा चालवेल. मी पुढे बसते. तुम्ही मागे, आणि उलटे. तोंड मागच्या काचेकडे.”

“मी काय सामान आहे का?”

“किल्ली हवीय ना?”

दाजी मागच्या सीटवर गुडघे टेकून, काचेतून मागच्या सायकलवाल्याकडे रागाने बघत बसले. मी खड्डा शोधायला निघालो. तो शोधावा लागला नाही.

“उजवीकडे!” दाजी गरजले. “ऐकलंत? स्वच्छ उजवीकडे!” आणि त्यांनी त्या बाजूला हात लांब केला.

मी गाडी थांबवली. ताई मागे वळून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “अहो, हात कुठे आहे बघा. आणि स्टिअरिंग कुठे आहे ते बघा.”

दाजींनी हात पाहिला. मान वळवून स्टिअरिंग पाहिलं. मधे अख्खी गाडी आडवी पसरली होती. मग एक बोट त्यांनी डाव्या कानाशी नेऊन जरा चोळलं, ऐकू येतंय का ते पाहिलं, आणि बोट सावकाश खाली आणलं.

“आवाज सरकला,” ते म्हणाले.

“हो ना,” ताई म्हणाली. “कालपासून इतकं ठोकलंत, घाबरून पलीकडे गेला असेल. काढा फडताळातला दांडा.”

डावीकडचा जुना बुश हात लावताच भुगा होऊन पडला. दाजींनी तो माझ्यासमोर पायाने गाडीखाली सारला. काल शिकलेलं सगळं, शिव्यांसकट, कामी आलं आणि ही बाजू निम्म्या वेळात उरकली.

दुपारी निघालो, आता स्टिअरिंगवर दाजी. दाजींनी पुढचं दार उघडून धरलं, पण ताई तिकडे गेलीच नाही. ती मागे बसली, बरोबर दाजींच्या खुर्चीमागे, आणि उजव्या खांद्यावरून पुढे वाकली. पुढे मी बसलो. गाडी लोण्यासारखी चालली. खड्डे येत होते, जात होते, चाकं नुसती वर-खाली होत होती. आणि ताई बोलत होती. फडताळाचं दार, शेंगांतलं तेल, मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट, त्याच्या मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जे जे डाव्या कानात वाया गेलं होतं ते सगळं ती ओळीने परत सांगत होती.

“हे तू कधी बोलली होतीस?” दाजींनी एकदा क्षीणपणे विचारलं.

“दर वेळी,” ताई म्हणाली.

जावई फाटकातच उभा होता. “काय आई, आला आवाज?”

“गाडीचा? अजिबात नाही,” ताई म्हणाली. “आता उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. याच गाडीने.”

जावयाने दाजींकडे पाहिलं. “मग बाबा, खूश ना?”

दाजींनी किल्ली खिशात खोल सारली, वरून दोनदा चाचपली आणि मागच्या सीटकडे न बघता म्हणाले, “खूश आहे. फक्त उजवीकडून जरा येतोय.”