निळ्या कन्सोल केबलची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी, चपटी, निळी कन्सोल केबल आहे. नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, सर्व्हर रूमच्या खिळ्यावर मी लटकते. माझं एक टोक स्विचला, म्हणजे सगळे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला लागतं, दुसरं लॅपटॉपला. सगळं नेटवर्क बंद पडलं, तरी स्विचच्या पोटातलं माझ्यातून पडद्यावर दिसतं. म्हणून माझी आठवण फक्त अडचणीत होते. एरवी कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे मी फार संशयी झाले आहे. कोणी खिळ्याकडे हात नेला, की मला वाटतं, निघाले आता भंगारात!

तीन महिन्यांपूर्वी दिपालीमॅडम नेटवर्क सांभाळायला आल्या. त्या मला पुसून, नीट गुंडाळून ठेवायच्या. एवढी माया कशाला, असा मला संशय यायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. आदल्या संध्याकाळी मॅडमनी मला स्विचला जोडून काहीतरी तपासलं. सकाळी साफसफाई झाली, स्विचला झेंडूची माळ चढली, मलाही हळदकुंकू लागलं. आणि थोड्याच वेळात नेटवर्क बंद! गेटपास निघेनात. मालाचे टेम्पो फाटकातच अडकले.

मॅनेजर सूर्यभानसाहेब तणतणत आले. "काल शेवटचा हात तुमचाच होता. काय बदललंत? आता कशाला शिवू नका. पुण्याहून माणूस बोलावतो. तुमच्या नोकरीचं उद्या बघतो."

मॅडमचा चेहरा उतरला. खरं सांगते, मलाही त्यांचाच संशय आला होता.

"सर, पाच मिनिटं द्या. समोर उभं राहून बघा," असं म्हणून त्यांनी मला जोडलं.

पडद्यावर ओळी धावू लागल्या. एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये बसली होती. संदेश गोल गोल फिरून नेटवर्क घुसमटलं होतं. दुसरं टोक बसल्याची वेळ होती अकरा वाजून दहा मिनिटं. तेव्हा मॅडम खाली लेथ मशीनपुढे रांगोळी काढत होत्या आणि साहेब शेजारीच नारळ घेऊन उभे होते.

दारातून साफसफाई करणारे आसाराममामा पुढे आले.

"साहेब, माझ्याच हातानं झालं. वायरीचं टोक लोंबत हुतं. पूजेला बरं दिसत न्हाई म्हून मीच खोचलं रिकाम्या भोकात. मला काय ठावं, एवढं हुईल!"

मॅडमनी ते टोक काढलं. नेटवर्क सुरू झालं. "मामा, टोक मीच लोंबतं ठेवलं होतं. चिठ्ठी लावायला हवी होती," त्या म्हणाल्या.

साहेब खाली बघत म्हणाले, "मॅडम, माझं चुकलं." मला मात्र तेवढंही म्हणता आलं नाही.

मित्रांनो, वायरींना चिठ्ठ्या लावा. लोंबतं टोक दिसलं तर खोचण्याआधी विचारा. आणि कोणाकडे बोट दाखवण्याआधी मला एकदा जोडून बघा.

त्या दिवशीही मॅडमनी मला पुसलं, गुंडाळलं आणि खिळ्यावर ठेवलं. एवढी माया कशाला, असं मी आता विचारत नाही.