सोपानचा उजवा गाल

"माझ्या क्रीमची टूब कुणी पिळली?" मोना ओरडली आणि तिच्या बापानं, सोपाननं, घाईघाईनं टॉवेलात तोंड खुपसलं. पण लपवणार काय? उजवा गाल टोमॅटोसारखा लालबुंद झाला होता.

सोपान सांगवीचा. रोज भाजीचा टेम्पो घेऊन बारामतीच्या मार्केट यार्डात जायचा. खिडकीकडच्या उजव्या गालावर वर्षानुवर्षं ऊन पडून तिथं काळपट वांग उठला होता. त्याचं त्याला कधीच काही वाटलं नव्हतं. पण मोनाचं लग्न जमलं आणि इंदापूरहून बोलणी करायला आलेल्या नवऱ्या मुलाच्या आत्यानं, सिंधुबाईनं, चारचौघांत विचारलं, "पाव्हणं, गालाला सायलेन्सर चिकाटला का वो?"

सगळे हसले. सोपानही हसला, पण त्या दिवसापासून तो आरशासमोरून हलेना.

आधी लिंबू चोळलं आणि तसाच उन्हात टेम्पो हाकला. गालाची नुसती आग झाली. मग बटाट्याचा कीस थापला. तो जेवताना थेट आमटीत पडला. शेवटी मोनाची क्रीम.

बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिंबू बंद, ती क्रीम बंद. डाग उन्हाचा आहे. हे सनस्क्रीन लावून, टोपी घालूनच गाडी चालवा. फिकट होईल, पण सावकाश."

"लग्नापत्तुर निम्मा तरी?"

"लग्न तुमचं आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपाननं ओसरीवर बसून निम्मं तोंड पांढरं केलं. त्याची बायको छबूबाई खुरपं घेऊन रानात निघाली होती. ती थबकली.

"गिरणीत पडला व्हता का काय?" म्हणत ती वाकून पदरानं जास्तीचं मलम पुसू लागली. तिचा चेहरा अगदी जवळ आला. दोन्ही गालांवर, पार नाकापर्यंत, तपकिरी डाग पसरले होते.

"तुला बी वांग हाय?"

"व्हय."

"उन्हानं?"

"मोना पोटात व्हती तवा उठला. मग रानातल्या उन्हानं वाढला."

"मला कसा दिसला न्हाय?"

"तुमी बघितलं कवा?"

सोपाननं बोटावर मलम घेतलं.

"बस हितं."

"आता मला कशाला? रान पडलंय तितं."

"बस म्हनलं ना."

ती बसली. टेम्पोची काच पुसावी तसा तो तिचा गाल चोळू लागला.

"हळू की," छबूबाई म्हणाली, आणि मांडीवर खुरपं तसंच ठेवून तिनं डोळे मिटले.