कोर्शेवरून जाताना

खजुराच्या एका झाडाला तीन मालक असतात: जमीन ज्याची तो, रोप लावणारा आणि पाणी पाजणारा.

इब्रीमचा किल्ला पूर्वी मान वर करून बघावा लागे. आता त्याच्या भिंतीला होडी टेकते.

कोर्शे नावाची गावं दोन. एक कोम ओंबोच्या वाळूत, सरकारनं बांधलेलं, घरं एका ओळीत. दुसरं, जुनं, नाईलवरच्या धरणाच्या पाण्याखाली.

माझा पहिला मुलगा साठ दिवस जगला. त्याच्यानंतरची मुलगी अकरा.

नदीत माणसं राहतात. मूल सात दिवसांचं झालं की सूर्य बुडायच्या आत त्याला आपल्या घाटावर नेऊन त्यांना दाखवायचं. सात ओंजळींनी तोंड धुवायचं, नाव सांगायचं, गाव सांगायचं. मग ती त्याच्यावर लक्ष ठेवतात.

माझी ती दोन्ही मुलं वाळूतल्या कोर्शेत जन्मली. तिथं त्यांना कालव्याचं पाणी लावलं होतं.

तिसऱ्या वेळी मी दहबमामाकडे, धरणाच्या तळ्याकाठी, बाळंतीण झाले. मामा तिथं मासे धरायचा. माझी आई हुशिया बाळंतपणासाठी आली, तेव्हा तिनं ते तळं पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाली, "सातव्या दिवशी बाळाला कोर्शेला न्यायचं."

"ताई, कोर्शे कुठाय आता?" मामा म्हणाला. "पाणी ते पाणी. इथंच धू तोंड."

"इथं पाण्यातल्या माणसांना कोण ओळखतं?"

"त्यांनाही हलवलं असेल सरकारनं. आपल्यापेक्षा बरी घरं मिळाली असतील."

"दहब, होडी काढ."

सातव्या दिवशी इब्रीमला पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि धूळ उठली होती. वारा चारी बाजूंनी. किल्ल्याभोवती एक चक्कर मारली आणि आम्ही कुठून आलो तेच कळेना. इब्रीमपासून कोर्शे वरच्या अंगाला, नदी जिकडून येते तिकडे, दक्षिणेला. आईनं पाण्यात झावळीचा तुकडा टाकला. तो हळूहळू सरकू लागला.

"हा चालला खाली. आपण उलट जायचं."

"ताई, हे तळं आहे..."

"तू मला नाईल शिकवणार?"

मामानं माझ्याकडे बघितलं आणि ती म्हणाली तिकडे होडी वळवली. थोरली बहीण ती. तासभर इंजिन धडधडत राहिलं. मग धूळ बसली आणि कलता सूर्य दिसला, डाव्या हाताला. तो उजवीकडे हवा होता.

आई झावळी टाकली त्या हाताकडे बघत राहिली. "वाहत नाही ही नदी," ती म्हणाली. "दहब, हिला वाहताच येत नाही."

मामानं तिला टोमणा मारला नाही. होडी वळवली. परत किल्ल्याशी येईपर्यंत सूर्य बराच उतरला. मुलगी माझ्या कुशीत झोपली होती. मी मनात म्हणत होते, अकरा दिवस, साठ दिवस.

"इंजिन बंद कर," आई म्हणाली. "वल्ही घे. माणसाच्या चालीनं चल. मी ही वाट पायांनी केलीय."

आणि ती होडीत उभी राहून चालू लागली. म्हणजे होती जागेवरच, पण बोलत होती ते चालणाऱ्या बाईसारखं.

"ही उतरण. इथं पाय घसरतो. हा फिक्रीचा रहाट, बैल आंधळा. ह्या तीन खजुरी, जमीन आमची, लावल्या खलीलच्या आजीनं, पाणी फिक्रीचं. दहब, सावकाश, इथं वाळू आहे. ही भिंत. हिच्यात चिनी बशा बसवल्यात, सहा. एक तडकलेली."

"ती मी तडकवली," मामा वल्ही मारत म्हणाला.

"माहीत आहे. मार मी खाल्ला."

ती सांगत गेली. झाड, मालक, उंबरा, कुत्रं. पाण्यावर काही नव्हतं, काळसर सपाट पाणी आणि आमची सावली. पण एका ठिकाणी ती म्हणाली, "इथून बाजूनं ने, ही कबरस्तानाची वाट," आणि मामानं मुकाट्यानं होडी बाजूनं नेली. मी पाय जवळ ओढून घेतले. आमच्याखाली, पन्नास हात खोल, आख्खं गाव आपापल्या जागी उभं होतं आणि आम्ही त्याच्या आकाशातून चाललो होतो.

"थांब. घाट."

मामानं वल्ही वर उचलली. थेंब गळायचे थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

"माझं घर कुठाय?" त्यानं हळूच विचारलं.

"तुझ्या मागं. दार उघडंच टाकून आलास."

सूर्याची कड डोंगराला लागली होती. आई वाकली. सात ओंजळी. मुलगी रडली नाही; डोळे उघडून पाण्याकडे बघत राहिली, ओळखीचं कुणी दिसावं तशी.

"ही नाबरा," आई पाण्याला म्हणाली. "शायाची मुलगी. कोर्शेची."

मग तिनं मला खूण केली. मीही वाकले, आणि बारा वर्षांत तोंडातून न निघालेली दोन नावं पाण्याला सांगितली. मुलाचं आधी, मग मुलीचं. दोन्ही नावांपुढे कोर्शे लावलं.

इब्रीमच्या पलीकडे आई पहिल्यांदा गेली ती चौसष्ट साली, गाव रिकामं करणाऱ्या बोटीतून. तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती; तोवर तिची सगळी पावलं याच वाटेवर पडली होती.