विसरायची आज्ञा

एल्याशीबची स्मरणशक्ती म्हणजे गालीलातल्या त्या डोंगरगावाच्या डोक्याला ताप होता. कोण कोणाच्या लग्नात काय बोललं, विहिरीवर कोणाच्या बापाने कोणाच्या बापाला गाढव म्हटलं, सगळं त्याच्या डोक्यात जसंच्या तसं. डोक्यात ठेवून गप्प बसला असता तर कोणाचं काय जात होतं? पण तो ते ऐकवायचा, वारा कुठून वाहत होता त्यासकट. तो समोरून येताना दिसला की बायका घागरी उचलून दुसऱ्या वाटेला लागत.

असा हा एल्याशीब म्हातारपणी एका गोष्टीसाठी झुरत होता. मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला सांगितलेलं सगळं त्याने निगुतीने पाळलं होतं. शेताचा कोपरा गरिबांसाठी न कापता ठेवला, खाली पडलेला सरवा उचलला नाही, पहिलं फळ दरवर्षी यरुशलेमच्या मंदिरात पोचवलं. राहिली होती एकच आज्ञा. कापणीत एखादी पेंढी शेतात विसरलास तर ती आणायला परत फिरू नकोस. ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची. परत न फिरणं सोपं हो. पण त्याआधी विसरावं लागतं! मुद्दाम सोडली तर ते दान झालं, आणि दानाची आज्ञा वेगळी.

त्यात गुडघे गेले होते. पुढच्या वर्षापासून शेत जावई बघणार, म्हणजे ही शेवटची कापणी.

"देवासमोर उभा राहीन तेव्हा काय सांगू?" सकाळी भाकरी मोडता मोडता तो म्हणाला.

"सांगा, असलं डोकं तूच दिलंस, आता तूच निस्तर," त्याची बायको शप्पीरा म्हणाली. "गेल्या वर्षी मी एवढी मदत करायला गेले, तर चारचौघांत माझी शोभा केलीत."

"अगं, तू पेंढीवर पेंढा टाकून ठेवलास! झाकलेली पेंढी विसरलेली धरत नाहीत. गरीब माणूस पुढे उभा राहिला आणि त्याच्यामुळे ती दिसली नाही, तरी धरत नाहीत."

"नका धरू. माझी आई लग्नात तुमच्या नाकाबद्दल काय बोलली तेवढं विसरलात तरी मला आशीर्वाद पुरे."

"ती म्हणाली होती, नाक एवढं मोठं, की त्याच्या सावलीत..."

"उठा! जा शेतात!"

जव कापून पेंढ्या बांधून झाल्या होत्या. आता त्या गाढवावर लादून खळ्यावर न्यायच्या. एल्याशीब प्रत्येक पेंढीकडे असा बघत होता, जणू तीच त्याच्या डोक्यातून निसटणार आहे. एक उचलली की उरलेल्या सगळ्या डोळ्यांसमोर उभ्या. दुपारपर्यंत त्याला रडू यायचं बाकी होतं. विसरायचं, विसरायचं असं घोकत राहिलं की माणूस विसरणार कसा?

शेताच्या कोपऱ्यात माहलत सरवा वेचत होती. ती गदीएलची मुलगी, नवरा जाऊन चार पावसाळे झालेले, जीभ मात्र तशीच धारदार. म्हाताऱ्याची तडफड ती सकाळपासून बघत होती. शेवटची खेप भरायला आली तशी ती कंबर सरळ करून म्हणाली, "आबा, एक विचारू? तो अंजीर तुमच्याच शेळीने खाल्ला होता ना?"

एल्याशीबचा हात जागच्या जागी थांबला.

दरवर्षी पहिला अंजीर पिकायला लागला की त्याला लव्हाळ्याची गाठ बांधायची, म्हणजे तो देवाचा झाला. एका वर्षी एल्याशीबचा असा अंजीर गाठीसकट शेळीने फस्त केला होता, आणि शेळी कोणाची यावरून त्याचं आणि गदीएलचं कायमचं वाजलं होतं. माहलत तेव्हा परकर नेसून हिंडत होती.

"माझ्या शेळीने?" एल्याशीब ओरडला. "तुझ्या बापाची होती ती! कान फाटलेली!"

"छे, काळी होती म्हणे. काळी तर तुमचीच."

"काळी आदल्याच महिन्यात विकली होती! सिप्पोरीच्या बाजारात! उकाडा होता, मला घोळणा फुटला होता!" त्याने हाताला लागतील त्या पेंढ्या गाढवावर फेकल्या आणि दोर आवळला.

"घोळणा फुटला होता, म्हणजे नीट दिसलं नसेल," माहलत हळहळली.

झालं! म्हातारा गाढव हाकत पुढे, तोंड मात्र मागे, आणि माहलत त्याच्या मागोमाग. खळ्यापर्यंत शेळीचा रंग, कान, शिंगं, तिची आईसुद्धा निघाली. भारा उतरवतानाही त्याचं तोंड चालूच होतं. माहलत कधी सटकली ते त्याला कळलंही नाही.

संध्याकाळी मसुरीच्या आमटीत भाकरी बुडवताना त्याचा हात पुन्हा थांबला.

"अगं," तो पुटपुटला. "मधल्या पट्ट्यात... एक पेंढी राहिली."

शप्पीराने पळी खाली ठेवली. "राहिली की ठेवलीत?"

"राहिली! विसरलो! अगं, मी विसरलो!" आणि गुडघेदुखीचा तो म्हातारा कलत्या उन्हात शेताकडे पळाला. आणायला नव्हे, नुसतं बघायला.

माहलत ती पेंढी डोक्यावर घेऊन निघाली होती.

"तू मुद्दाम केलंस," तो धापा टाकत म्हणाला.

"पेंढीवर पेंढा टाकला मी?"

"नाही."

"पुढे उभी राहिले?"

"नाही."

"मग? भांडायला शास्त्रात बंदी असेल तर सांगा, ही घ्या तुमची पेंढी."

एल्याशीबने सगळं शास्त्र डोक्यात उलटंपालटं करून पाहिलं. बंदी नव्हती. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

माहलतने डोक्यावरची पेंढी सावरली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आबा, शेळी आमचीच होती. बाबांनी जाताना मला सांगितलं. त्यांना तुमच्यासमोर यायची लाज वाटायची. सांगा आता गावभर, मी साक्ष देते."

कितीतरी वर्षं तो या वाक्यासाठी थांबला होता. विहिरीवर, सभास्थानात, गदीएलच्या मयतीतसुद्धा. आता ते हातात पडलं, आणि डोक्यावर पेंढी घेतलेल्या त्या बाईकडे तो बघत राहिला.

"अंधार व्हायच्या आत घरी जा, पोरी," एवढंच तो म्हणाला.

शप्पीरा दारातच उभी होती. "खळ्यावरचे लोक सांगत होते, तुम्ही माहलतशी कडाकडा भांडलात म्हणून. शेळीवरून. मग शेवटी ती कोणाची ठरली?"

एल्याशीबच्या डोळ्यांसमोर फाटका कान, लव्हाळ्याची गाठ, गदीएलचं खाली गेलेलं तोंड, सगळं लख्ख उभं राहिलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

शप्पीराने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग घाबरून कपाळाला हात लावून पाहिला.

"अहो, आणि माझी आई? लग्नात? नाकाबद्दल?"

"कोणाच्या नाकाबद्दल?" एल्याशीबने विचारलं आणि गार झालेली आमटी पुढे ओढली.