उतरलेला ताप

मुंजाजीला मेंढरांतलं सगळं कळायचं. दवाखान्यातलं मात्र एकच कळलं होतं, आणि मेलं तेच चुकीचं कळलं होतं: ऑपरेशननंतर ताप निघाला की माणसाला मोठ्या दवाखान्यात हलवतात, आणि तिथून माणूस चादरीत गुंडाळूनच परत येतो. त्याचा धाकटा भाऊ शहादेव तसाच आला होता.

त्यामुळं वडवणीच्या दवाखान्यात फुटलेल्या अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन बायको बायडाबाई जरा बरी दिसते न दिसते, तोच तिचं अंग तव्यावानी तापलं, तेव्हा या शहाण्यानं कुणाला म्हणून सांगितलं नाही. खालच्या मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणल्या. सिस्टर ताप बघायला यायच्या आधी एक गोळी तिला द्यायची, घाम पुसायचा, आणि साळसूद तोंड करून बसायचं. आता एकट्या त्यालाच बोल कसा लावावा? बायडाबाईनंच त्याचा हात धरून सांगितलं होतं, "मला तिकडं नेऊ नका. शहादेवभावजींसारखं व्हईल."

गंगासागर सिस्टर थर्मामीटर बघायची आणि ताप नाही म्हणायची. डॉक्टरांनी पोट दाबलं तेव्हा बायडाबाईनं दात आवळले, पण हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांनी मुंजाजीला विचारलं, मधे कधी ताप, थंडी?

"न्हाई साहेब," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, मग उद्या घरी जा. बिचारा लई खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिला अशी हुडहुडी भरली की खाट वाजायला लागली. ती बरळू लागली, मेंढरांना हाका मारू लागली. डॉक्टर धावत आले, आणि बघता बघता तिला गाडीत घातलं. गाडी निघाली ती त्याच मोठ्या दवाखान्याकडं.

गाडीत मुंजाजीला राहवेना. त्यानं खिशातलं गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून सोबत आलेल्या गंगासागर सिस्टरपुढं धरलं. "मीच देत होतो," तो म्हणाला.

सिस्टरनं कपाळाला हात लावला. "अहो, आत पू झालाय हे तो तापच आम्हाला सांगत होता. तुम्ही त्याचं तोंडच दाबलंत."

त्यानं मान खाली घातली. मग बायडाबाईच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. इतके दिवस त्याला हेच तर हवं होतं.

"सिस्टर, उतरला बघा," तो म्हणाला.

सिस्टर तिचं मनगट चाचपत राहिली; नाडी लागेना, तशी तिनं गळ्याशी बोटं दाबली.