माल खाली

छोट्या लाईनीचे रूळ उचलले गेले, त्या जागी रुंद रस्ता झाला आणि मग रायपूरच्या शंकर नगरातल्या एका संस्थेला त्या लाईनीचा इतिहास छापावासा वाटला. लिहिण्याचे काम रायपुरात हिंदी बोलतच वाढलेल्या देवश्रीकडे आले. तिचे आजोबा नरहरी त्या लाईनीवर सत्तावीस वर्षे मालगाडीचे गार्ड होते, आणि त्यांच्या ड्युटीच्या जुन्या वह्या घरातच होत्या.

मजकूर छपाईला जायच्या आदल्या दिवशी सकाळी, बूढापाऱ्यातल्या घरी, तिने तो त्यांना वाचून दाखवला. नरहरी डोळे मिटून ऐकत होते. अडीच फूट अंतराच्या रुळांवरची ती इवलीशी गाडी सागाचे ओंडके, धान आणि तेंदूपत्ता घेऊन, सायकलवाल्यालाही मागे टाकता येईल अशा चालीने, वर्षानुवर्षे रायपूरला कशी येत राहिली, हे पोरीने जीव ओतून लिहिले होते. म्हाताऱ्याची मान डोलत होती. पुराचे पान आले आणि मान डोलायची थांबली. ड्रायव्हर भैय्यालाल यांनी पाण्याला भिऊन वाटेतच माल उतरवला व रिकामी गाडी रायपूरला आणली, असे तिथे लिहिले होते.

"काहून लिहिलं हे? तुले कोणं सांगितलं?"

"आपकी ही वही में है, आजोबा. ‘पूर. माल खाली.’ मतलब खाली कर दिया न?"

"अवं पोट्टे, हिंदीतलं खाली नोहे ते. आपलं मराठीतलं. माल खाली होता. वर माणसं होती."

देवश्रीने कागद मांडीवर ठेवले.

नरहरी सांगू लागले. धानाची पोती भरलेले उघडे डबे, वर ताडपत्री. नाल्याकाठची एक वस्ती पाण्यात गेलेली, माणसे रुळांच्या भरावावर चढून बसलेली. भैय्यालालने इंजिन थांबवले, कुणाला काही विचारले नाही, एकेकाला हात देऊन पोत्यांवर चढवले. बाया, म्हातारे, शेळ्या, एक बाळंतीण. पुढे रुळांवर गुडघाभर पाणी. इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन बांबूने रूळ चाचपत पुढे चालला आणि भैय्यालालने भरलेली गाडी त्याच्या पावलांमागे आणली, इतकी हळू की वरचे लेकरूही जागे झाले नाही. एक पोते हलले नाही, एक माणूस पडले नाही.

"तसा ड्रायव्हर मी पुन्हा पाहिला नाही," ते म्हणाले.

"फिर ये क्यों नहीं लिखा?"

"लिहिलं होतं." त्यांनी वही मागितली आणि ‘माल खाली’च्या पुढे बोट ठेवले. देवश्रीने ज्याला शाईचा डाग समजले होते, ते कुणीतरी पुन्हा पुन्हा गिरवून खोडलेले दोन शब्द होते: ‘वर माणसं.’

"मालगाडीवर माणसं बसवायची मनाई होती. माही नोकरी नवी. भैय्यालाल म्हणे, जो हुआ वो लिखो, गार्डबाबू. मी लिहिलं. मंग साहेब तपासणीले येऊन राहिले असं ऐकलं अन् भ्यालो. भ्यायलेला मी होतो, तो नाही."

देवश्री हळूच म्हणाली, "मैं वो लाइन ही निकाल देती हूँ. किसी को पता नहीं चलेगा."

तो क्षणभराचा मोह नरहरींच्या चेहऱ्यावर तिला स्पष्ट दिसला. या वयात, छापील पुस्तकात, आपल्या नावापुढे भित्रेपणा.

"काढली तर त्याच्यावरचा ठपका जाईल," ते म्हणाले, "पण त्यानं केलं ते कुठी राहील? नाही. सगळं लिही. कोणं खोडलं तेही लिही, माह्या नावानं. पहिले शारदाले फोन लाव."

शारदा ही भैय्यालालची मुलगी, शहरातच तेलीबांध्याला राहते. नरहरींनी तिला आपल्या मोडक्या हिंदीत सगळे सांगितले, खोडलेल्या शब्दांसकट, एकदाही स्वतःची बाजू न घेता.

"बाबूजी ने हमको ये सब कभी नहीं बताया, काका," शारदा म्हणाली. "बस इतना बोलते थे, उस दिन गाड़ी बहुत भारी थी."

नरहरींनी फोन देवश्रीपुढे धरला.

"हेही पुस्तकात घे," ते म्हणाले. "तिच्याच शब्दांत."